माशांचे जिवंत खाद्य : पाण्यातील लाल कृमींची ओळख व उपयोग

तळ्याच्या काठचा किंवा ओढ्याच्या डबक्यातील ओंजळभर गाळ उचलून पाण्यात हलविला, तर त्यात सुतासारखे बारीक, लालसर कृमी वळवळताना पुष्कळदा दिसतात. ते पाहून शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊसाहेब, तळ्याला कीड लागली की काय? यावर कोणते औषध मारावे?" दुसरीकडे, मागूर किंवा शोभिवंत मासे पाळू लागलेला एखादा तरुण गटारात दिसेल ती लाल वळवळ बादलीत भरून आणतो आणि न धुताच आपल्या हौदात टाकतो. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. पहिला आपल्याच माशांचे अन्न मारावयास निघालेला असतो, तर दुसरा अन्नाबरोबर रोग व शत्रू हौदात आणतो. दोघांच्याही चुकीचे मूळ एकच असते. पाण्यातील निरनिराळ्या कृमींची त्यांना ओळख नसते.

ही ओळख करून घेण्यास मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एक पांढरी थाळी, एक हातभिंग आणि थोडा धीर एवढ्या साहित्यावर गावातच हे काम करता येते. कोणताही कृमी माशांना घालण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. हा प्राणी कोणता? तो कोणत्या पाण्यातून आला? आणि ज्या माशाला तो घालावयाचा त्याच्या तोंडात तो मावेल काय? या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार येथे केला आहे.

जिवंत खाद्याची गरज

अंड्यातून बाहेर पडलेले माशाचे पिल्लू पहिले काही दिवस पोटाला असलेल्या बलकाच्या पिशवीवर जगते. मागुराच्या पिल्लाचा हा साठा सुमारे तीन-चार दिवसांत संपतो. त्यानंतर त्याला तोंडाने अन्न घ्यावे लागते. या नाजूक वेळी योग्य अन्न मिळाले नाही, तर पिल्ले झपाट्याने अशक्त होऊन मरू लागतात आणि मांसाहारी जातींत मोठी पिल्ले लहानांना खाऊ लागतात. अंडी उबवून झाली, जिरे निघाले, एवढ्याने बीज तयार होत नाही. जिऱ्याची बोटुकली होईपर्यंतचे दिवसच खऱ्या नफ्यातोट्याचे असतात.

पूर्वी आपल्या देशात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज प्रामुख्याने नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन प्रमुख भारतीय माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या पद्धतीमुळे जिरे हवे तेव्हा मिळू लागले. त्याबरोबरच, एवढ्या जिऱ्यांना पहिल्या दिवसांत काय खाऊ घालावयाचे, हा प्रश्नही पुढे आला.

कोंडा, पेंड किंवा पिठाचे खाद्य पाण्यात पडले की तळाला बसते आणि न खाल्लेला भाग कुजून पाणी बिघडविते. जिवंत प्राणी खाल्ला जाईपर्यंत जिवंत राहतो. त्याच्या हालचालीमुळे लहान पिल्लाचे लक्ष तिकडे जाते व ते तो पकडते. गाळातील लाल कृमींच्या सुक्या वजनाचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. वाढत्या पिल्लास हवे असलेले अन्न त्यांच्या रूपाने जवळच्या गाळातच तयार असते.

तपासणीची रीत

तळ्याच्या तळाचा, विशेषतः पाणी आत येते त्या बाजूचा, वरचा दोन-तीन बोटे गाळ घमेल्यात घ्यावा. तो बारीक चाळणीत किंवा मलमलच्या फडक्यात घालून पाण्यात हळूहळू हलवावा. माती निघून जाते. कृमी, अळ्या व काडीकचरा मागे राहतो. हा ऐवज पांढऱ्या थाळीत बोटभर स्वच्छ पाणी घेऊन त्यात सोडावा आणि थाळी सावलीत पाच मिनिटे स्थिर ठेवावी. मग हातभिंगाने पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. शरीरावर गांडुळासारखी वलये आहेत काय?
२. वेगळे, कठीण डोके दिसते काय?
३. पाय किंवा पायासारखे अवयव आहेत काय?
४. टोकांना चिकटून बसण्याची चकती आहे काय?
५. शरीर गोल दोऱ्यासारखे आहे की फितीसारखे चपटे?
६. चाल कशी आहे? तो वळवळतो, उसळी घेतो, सरपटतो की घसरत जातो?

या सहा गोष्टी पाहिल्यावर बहुतेक प्राण्यांची ओळख जागच्या जागी पटते. केवळ रंग पाहून निर्णय घेऊ नये. लाल रंग हा पुष्कळ निरनिराळ्या प्राण्यांत आढळतो आणि तेथेच फसगत होते.

ट्युबिफेक्स : तळ्यातील गांडूळ

गाळातील सर्वांत महत्त्वाचा खाद्यकृमी म्हणजे ट्युबिफेक्स होय. तो गांडुळाच्याच गटातील आहे. त्याचे शरीर शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक, दोन ते आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि संपूर्ण वलयांकित असते. त्याला पाय नसतात, डोळे नसतात आणि वेगळे डोकेही दिसत नाही. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनासारखेच रंगद्रव्य त्याच्या रक्तात असल्यामुळे तो तांबडा दिसतो. या रंगद्रव्यामुळे त्याला पाण्यातील अत्यल्प प्राणवायूही उपयोगात आणता येतो.

हा कृमी गाळात उभी नळी तयार करून राहतो. डोके खाली गाळात आणि शेपूट वर पाण्यात, अशी त्याची ठेवण असते. तो डोक्याकडून गाळ खातो, त्यातील कुजके पदार्थ व जिवाणू पचवितो आणि उरलेली माती शेपटीवाटे बारीक कणांच्या रूपाने वर टाकतो. शेतातील गांडूळ जे काम जमिनीत करते, तेच काम हा तळ्याच्या तळाशी करतो. स्थिर, उथळ पाण्यात अशा हजारो शेपट्या एकत्र डुलू लागल्या म्हणजे गाळावर तांबडे मखमली कापड पसरल्यासारखे दिसते. काठीने पाणी ढवळले किंवा नुसती सावली पडली, तरी क्षणात सर्व शेपट्या नळीत शिरतात व तांबडा रंग नाहीसा होतो.

ट्युबिफेक्सची सोपी परीक्षा पेल्यात करता येते. गाळातून वेगळे केलेले कृमी काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात सोडावेत. गाळाचा आधार तुटल्यामुळे ते थोड्याच वेळात एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा होतो. पेल्याला टिचकी मारली की गोळा आखडतो. असा गोळा बनला, तर ते ट्युबिफेक्स किंवा त्याच्या कुळातील कृमी आहेत असे समजण्यास हरकत नाही. या कुळातील लिम्नोड्रिलस नावाचा कृमी दिसण्यास अगदी तसाच असतो. त्या दोहोंतील भेद सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. परंतु खाद्य म्हणून दोन्ही सारखेच उपयोगी असल्याने शेतकऱ्याने त्या भेदाची चिंता करण्याचे कारण नाही.

याच कुळातील आणखी एक कृमी आपल्याकडील तळ्यांत आढळतो. त्याच्या मागील भागावर दोन्ही अंगांना बारीक तंतूंची रांग असते. ही त्याची श्वसनाची कल्ल्यांसारखी इंद्रिये होत. या ब्रँकियुराची पहिली शास्त्रीय नोंद बेडार्ड या प्राणिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये केली, तीही लंडनच्या एका उद्यानातील मोठ्या कमळाच्या हौदातून. हा कृमी मूळचा आशियातील असून पाणवनस्पतींबरोबर तिकडे गेला असावा असे मानले जाते. चिमूटभर गाळ व वनस्पतीची एक मुळी यांच्याबरोबर कृमी किती दूर जाऊ शकतात, हे यावरून दिसून येते.

ट्युबिफेक्स उभयलिंगी असतो. म्हणजे प्रत्येक कृमीत नर व मादी ही दोन्ही इंद्रिये असतात. तो लहान कोशात अंडी घालतो. उबदार पाण्यात अंड्यातून निघालेला कृमी सुमारे दीड-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालण्यायोग्य होतो.

लाल अळी : कृमी नव्हे, माशीचे बाळ

दुसरे उत्तम जिवंत खाद्य म्हणजे कायरोनोमसची लाल अळी. पुष्कळ लोक तिला ट्युबिफेक्सच समजतात. वस्तुतः ती कृमी नसून डासासारख्या दिसणाऱ्या एका चिलटाची अळी आहे. ही चिलटे संध्याकाळी तळ्याकाठी व दिव्याभोवती थव्याने घोंघावतात, पण चावत नाहीत.

अळीची लांबी साधारणतः एक ते दोन सेंटिमीटर असते. तिला लहान, कठीण, काळसर डोके असते आणि त्यामागे बारा खंडांचे शरीर असते. डोक्याच्या लगेच मागे व शरीराच्या शेवटी अशी आखूड पायांची प्रत्येकी एक जोडी असते. हे पाय आणि कठीण डोके हीच तिची निश्चित खूण. पाण्यात सोडली असता ती शरीर एकदा इकडे, एकदा तिकडे जोराने वाकवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी उसळत पोहते. ट्युबिफेक्ससारखा गोळा ती करीत नाही. तिची अंडी चिकट, पारदर्शक लगद्यात असून पाण्याच्या कडेला दगडांना किंवा काड्यांना चिकटलेली दिसतात.

सायप्रिनस हा तळाचा गाळ उकरून खाणारा मासा या अळ्या आवडीने खातो. वाळविलेल्या लाल अळ्यांची पूड हाताळताना मात्र काही व्यक्तींना शिंका, डोळ्यांची आग किंवा अंगाला खाज असा त्रास होतो. असा त्रास होणाऱ्याने ते काम करू नये.

डासांच्या अळ्यांशी या अळीची गल्लत करू नये. डासाची अळी भुरकट असते, लाल नसते. आणि ती श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकते. मासे तीही खातात. परंतु माशांच्या खाद्यासाठी म्हणून घराजवळ डासांची पैदास करणे म्हणजे हिवताप व डेंगी यांना निमंत्रण देणे होय. ते कदापि करू नये.

खाद्य म्हणून वापरू नयेत असे प्राणी

थाळीत वळवळणारा प्रत्येक जीव अन्न नसतो. पुढील प्राणी आढळल्यास ते वेगळे काढावेत.

चपटे कृमी : हे फितीसारखे चपटे, करडे किंवा तपकिरी असून एक-दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. वलये नसतात. डोके पुष्कळदा त्रिकोणी असून त्यावर दोन डोळ्यांचे ठिपके दिसतात. हे वळवळत नाहीत, तर काचेवरून तेल ओघळावे तसे घसरत जातात. मासे ते सहसा खात नाहीत. उलट, उबवणीच्या भांड्यात शिरले तर ते अंड्यांवर ताव मारतात.

जळू : लहान जळू ट्युबिफेक्सच्या गोळ्यात लपून येते. तिला वलये असतात, म्हणून फसगत होते. परंतु तिच्या दोन्ही टोकांना चूषक असतात. ती एक टोक चिकटवून दुसरे पुढे टाकीत, वितीने जमीन मोजावी तशी चालते. माशांचे रक्त शोषणाऱ्या जळवा पिल्लांना निश्चितच घातक होत.

केसकृमी : हे केसासारखे बारीक, ताठ व वीतभरही लांब असतात. वलये नसतात. ते तपकिरी किंवा काळे असून स्वतःच्याच अंगाला गाठी मारतात. लहानपणी ते नाकतोडे, रातकिडे यांच्या पोटात वाढतात व पुढे पाण्यात येतात. ते माशांना अपायकारक नाहीत, परंतु खाद्य म्हणूनही निरुपयोगी आहेत.

चतुराची अळी : हिला सहा स्पष्ट पाय व मोठे डोळे असतात. खालचा ओठ एकाएकी पुढे फेकून ती आपले भक्ष्य पकडते. जिरे सोडलेल्या हौदात अशा काही अळ्याही पुष्कळ नाश करतात. लहान असताना त्या गाळाबरोबर सहज येतात, म्हणून 'सहा पाय दिसले की बाहेर' हा नियम लक्षात ठेवावा.

याच ठिकाणी एक खुलासा आवश्यक आहे. संगोपन तळ्यातील पाणभुंगे व तत्सम कीटक मारण्यासाठी जिरे सोडण्यापूर्वी तेल व साबण यांचे मिश्रण मारण्याची शिफारस आहे. हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण, म्हणजे गुंठ्यास सुमारे ५७० ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण, हे तिचे प्रमाण होय. हा उपाय हवेतून श्वास घेणाऱ्या कीटकांवर चालतो, कारण पृष्ठभागावरील तेलाच्या पडद्यामुळे त्यांना हवा मिळत नाही. चतुराची अळी पाण्यातच श्वास घेते, त्यामुळे ती या उपायाने मरत नाही. तिच्यासाठी बारीक आसाचे जाळे वारंवार ओढणे व हंगामापूर्वी तळे वाळविणे हेच मार्ग आहेत.

माशाच्या अंगातून बाहेर लोंबणारा दोरा : कधी कधी माशाच्या अंगावर किंवा परांच्या बुडाशी बारीक दोऱ्यासारखा जीव रुतलेला दिसतो. तो गाळातील कृमी नव्हे. कोळंबीच्या दूरच्या नात्यातील लर्निया नावाचा तो परोपजीवी प्राणी आहे. असा मासा दिसल्यास गाळातील कृमींना दोष न देता मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

कृमी पाण्याबद्दल काय सांगतात?

लाल कृमी हे जसे अन्न आहे, तसा तो एक इशाराही आहे. तळाच्या गाळात ट्युबिफेक्सबरोबर गोगलगायी, शिंपले, निरनिराळ्या अळ्या असे अनेक जीव आढळले, तर तळे निरोगी आहे असे समजावे. असे कृमी मारण्यासाठी कोणतेही औषध मारू नये. मृगळ व सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे त्यांचा फडशा पाडून त्यांचे मांस करतील. कीटकनाशक मारल्यास मात्र कृमींबरोबर मासेही मरतील आणि जे वाचतील ते खाण्यास धोक्याचे ठरतील.

याउलट, गाळ काळा पडला आहे, त्याला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, इतर जीव नाहीसे झाले आहेत आणि केवळ तांबड्या शेपट्यांचे रान माजले आहे, असे दिसल्यास तळ्यात कुजणारे पदार्थ प्रमाणाबाहेर साचले आहेत असे निश्चित समजावे. पाण्यातील प्राणवायू जसजसा कमी होतो, तसतसा ट्युबिफेक्स आपली शेपटी नळीबाहेर अधिकाधिक लांब काढून डोलवितो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडे टाकीत असतील आणि तळाशी शेपट्या लांब निघाल्या असतील, तर दोन्ही खुणांचा अर्थ एकच आहे. अशा वेळी शेण व खाद्य घालणे ताबडतोब थांबवावे, ताजे पाणी सोडावे व पंपाने पाणी उडवून त्यात हवा मिसळावी.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात आरंभी गाळ नसल्यामुळे हे कृमी आढळत नाहीत. काही काळाने तळाशी माती व विष्ठा साचते आणि तेथे ते दिसू लागतात. अशा तळ्यात कृमींचे दर्शन म्हणजे तळ साफ करण्याची वेळ जवळ आल्याची सूचना समजावी.

कोणत्या पाण्यातले कृमी घ्यावेत?

ट्युबिफेक्स सर्वांत विपुल मिळतो तो सांडपाण्याच्या गटारात. कोलकात्यासारख्या शहरांत गटारांतून ते गोळा करून शोभिवंत माशांसाठी विकण्याचा धंदा चालतो. परंतु जेथे तो विपुल, तेथेच तो धोक्याचा, हे विसरू नये. गटारातील रोगजंतू त्याच्या अंगावर व आतड्यात असतात. कारखान्याच्या सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू तर तो शरीरात साठवून ठेवतो.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा. धुण्याने अंगावरची घाण जाते. उपाशी ठेवल्याने आतड्यातील घाण जाते. परंतु शरीरात मुरलेला धातू यांपैकी कोणत्याही उपायाने जात नाही. म्हणून कारखान्याचे, रंगाचे, कातड्याचे किंवा मुलाम्याचे पाणी मिसळत असलेल्या नाल्यातील कृमी कितीही फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

कृमींमधून माशांचे रोगही पसरतात. १९८४ मध्ये अमेरिकेतील वुल्फ व मार्किव या संशोधकांनी असे दाखवून दिले की, ट्राउट माशांना गरगर फिरावयास लावणाऱ्या रोगाचा परोपजीवी आपल्या आयुष्याचा एक भाग ट्युबिफेक्सच्या शरीरात घालवितो. हा रोग ट्राउट व सामन यांच्या कुळातील थंड पाण्याच्या माशांचा आहे. परंतु त्याच गटातील इतर परोपजीवी आपल्याकडील माशांनाही लागतात आणि त्यांपैकी अनेकांना गाळातील कृमींचा आधार लागतो. यास्तव, ज्या तळ्यात मासे आजारी पडले आहेत, तेथील कृमी दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत.

कृमी गोळा करणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यावी. हाताला जखम असल्यास गाळात हात घालू नये. रबरी हातमोजे व गमबूट वापरावेत आणि काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. ज्या भागात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा उपद्रव होतो, तेथे हा नियम काटेकोरपणे पाळावा. यासाठी घेतलेली थाळी व चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

धुणे, साठविणे व खाऊ घालणे

आणलेले कृमी उथळ थाळीत ठेवून त्यावर नळाची किंवा माठाची बारीक धार निदान चोवीस तास सोडावी. धार शक्य नसल्यास पाणी दिवसातून चार-पाच वेळा बदलावे. पाणी गढूळ होण्याचे थांबले, म्हणजे आतडी रिकामी झाली असे समजावे. मेलेले कृमी पांढुरके पडतात, गोळ्यात न राहता विस्कळीत होतात व त्यांना दुर्गंधी येते. ते काढून टाकावेत. मेलेल्यांची घाण जिवंतांनाही मारते. थंड जागी, पसरट भांड्यात, अगदी थोड्या पाण्यात व रोज दोन-तीन वेळा पाणी बदलून कृमी काही दिवस चांगले टिकतात. खोल बादलीत गच्च भरून ठेवल्यास मात्र ते एका रात्रीत मरतात.

आता तिसरा प्रश्न, तोंडाच्या मापाचा. कटला, रोहू किंवा मृगळ यांचे नुकतेच खाऊ लागलेले जिरे जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे असते. त्याला अख्खा ट्युबिफेक्स गिळता येत नाही. त्याचे अन्न म्हणजे पाण्यातील सूक्ष्म प्राणी होत आणि ते तळ्यास योग्य खत देऊनच तयार होतात. मागुराच्या पिल्लांना धुतलेले कृमी धारदार पात्याने अगदी बारीक चिरून, पुन्हा एकदा पाण्यातून काढून घालावेत. पिल्ले दोन-तीन सेंटिमीटरची झाली की अख्खे लहान कृमी देता येतात.

एका वेळी पिल्ले थोड्या वेळात संपवतील एवढेच खाद्य द्यावे व ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. चिरलेले तुकडे लवकर कुजतात. म्हणून उरलेले तुकडे नळीने ओढून काढावेत. तळाशी माती असलेल्या हौदात अख्खे कृमी टाकले, तर ते गाळात शिरून बसतात व लहान पिल्लांच्या हाती लागत नाहीत. यासाठी पिल्लांचा हौद सिमेंटचा व स्वच्छ तळाचा असावा. शोभिवंत माशांना केवळ ट्युबिफेक्सवर ठेवू नये. इतर खाद्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन वेळा तो पुरेसा होतो.

घरी पैदास

गटाराचा धोका टाळण्याचा खरा उपाय म्हणजे कृमी घरी वाढविणे. त्याची रीत साधी आहे. सिमेंटची उथळ पन्हळ किंवा पसरट हौद सावलीत ठेवावा. त्यात तीन भाग कुजलेले शेण व एक भाग बारीक वाळू यांचे मिश्रण पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे पसरावे. त्यावर चार-पाच बोटे पाणी ठेवून एका टोकाने अगदी बारीक धार सोडावी व दुसऱ्या टोकाने जादा पाणी बाहेर जाऊ द्यावे. ताज्या शेणाची उष्णता व वास गेल्यावर, म्हणजे आठ-दहा दिवसांनी, चांगले धुतलेले कृमी त्यात सोडावेत. पुढे तीन-चार दिवसांनी थोडे थोडे कुजलेले शेण पाण्यात कालवून पसरावे. शेण जास्त झाले तर पाणी सडते आणि धार बंद पडली तर कृमी गुदमरतात.

पहिली काढणी सुमारे दीड महिन्याने करता येते. धार काही तास बंद ठेवली म्हणजे प्राणवायू कमी होऊन कृमी वर येतात व गोळे करतात. ते बारीक जाळीने उचलून घ्यावेत व धार लगेच पुन्हा सुरू करावी. सर्व कृमी कधीही काढू नयेत. पुढील पैदाशीसाठी निम्मे तरी ठेवावेत. पन्हळीवर बारीक जाळी घालावी आणि आठवड्यातून एकदा डासांच्या अळ्या झाल्या नाहीत ना, हे पाहावे.

कोणाला परवडेल?

प्रत्येक मत्स्यशेतकऱ्याने कृमी वाढविण्याच्या मागे लागावे असे नाही. कटला, रोहू व मृगळ यांची तळ्यात वाढ करणाऱ्यास कृमी विकत घेण्याची किंवा वाढविण्याची गरज नाही. तळ्याचा गाळ निरोगी ठेवला की त्याचे काम झाले. मागूर, शिंगी, मरळ यांचे बीज तयार करणाऱ्यास आणि शोभिवंत माशांचा जोडधंदा करणाऱ्यास मात्र एक-दोन पन्हळी फायद्याच्या ठरतात. मागूर म्हणताना येथे देशी मागूरच अभिप्रेत आहे. थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागुराच्या संवर्धनास आपल्या देशात बंदी आहे, हे बीज घेतानाच ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील एखाद्या तळ्याच्या काठी मत्स्यशेतकऱ्यांना एकत्र करून थाळीची ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. एका पेल्यात ट्युबिफेक्स, दुसऱ्यात लाल अळी, तिसऱ्यात जळू व चौथ्यात चतुराची अळी ठेवून प्रत्येकाच्या हाती भिंग द्यावे. वाचून जे महिनाभर लक्षात राहत नाही, ते एकदा डोळ्यांनी पाहिले की कायमचे ठसते. शाळेतील मुलांनाही या वेळी जरूर बोलवावे. तळ्याकाठी त्यांचीच नजर सर्वांत तीक्ष्ण असते.

त्यानंतर जेव्हा एखादा शेतकरी ओंजळभर गाळ पुढे करून "यावर कोणते औषध मारावे?" असे विचारील, तेव्हा त्याला औषधाचे नाव न सांगता पांढरी थाळी आणावयास सांगावे. थाळीत काय वळवळते हे त्याने स्वतः ओळखले, म्हणजे त्याच्या माशांचे अन्न वाचेल, औषधाचा खर्च वाचेल आणि पुष्कळदा त्या हंगामाचे बीजही वाचेल.